चिनी निसर्गचित्रं बघायला सुरुवात करताय? मग एवढंच करा

छान विषय निवडलात. फक्त एकदम वीस चित्रकारांच्या मागे लागू नका. दोघे पुरेत: ह्वांग बिनहोंग (1865–1955) आणि ली करान (1907–1989).

त्याआधी एक जुनं चित्र नीट बघा. ग्वो शी यांचं 1072 सालचं ‘वसंतारंभ’, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातलं. धुकं रंगवलेलं नाही, ती जागा जवळपास कोरीच सोडलीय. डोंगर एकाच वेळी खालून, समोरून आणि वरून दिसतो.

आता ह्वांगनी उतारवयात रंगवलेले डोंगर बघायला घ्या. शाईवर शाई, ठिपक्यांवर ठिपके. पहिल्यांदा नुसता काळा गिचमिडाट वाटेल. मोबाइलवर तर वाटेलच, मोठ्या पडद्यावर बघा. त्या काळोखात मध्येच एखादी पांढरी फट सोडलेली असते, तिच्यामुळे सगळा डोंगर श्वास घेतो. ली करान त्यांचेच शिष्य, पण तैलचित्रणही शिकलेले. त्यांच्या डोंगरांना मागून उजेड येतो.

नवशिके हमखास इथे चुकतात:

- ‘आधुनिक म्हणजे परंपरा सोडली’ असं धरून चालतात. ह्वांगनी पाश्चात्त्य शैली न उचलताच नवं काहीतरी केलं.
- जुन्या चित्रांच्या नकला बघून नाक मुरडतात. चिनी चित्रकलेत नक्कल हा रियाजच. विसाव्या शतकातले चित्रकार झांग दाछियान यांनी 1940च्या दशकात वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध गुहांतली भित्तिचित्रं उतरवून काढली. त्यांची शाई ओतून केलेली अर्धअमूर्त चित्रं नंतरची.

कुंचल्याच्या फटकाऱ्यांची नावं, कागदाचे प्रकार आत्ता राहू द्या. आधी दोघांचं एकेक चित्र निवडा आणि काय दिसलं ते इथे लिहा.