शिबिर मुक्कामाचेच हवे

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे वेळापत्रक, दोन्ही वाचले. संस्थेतील कार्यकर्ते आणि विश्वस्त यांच्या दोन रात्रींच्या शिबिराची जबाबदारी तुझ्यावर आली, आणि आता काहींना फक्त शनिवारी यायचे आहे, काहींना रात्री घरी जाऊन सकाळी परतायचे आहे, तर विश्वस्तांना रविवारी समारोपापुरते डोकवायचे आहे. कोणी नाराज होऊ नये म्हणून तू अर्जात ‘एक दिवस’ आणि ‘पूर्ण शिबिर’ असे दोन रकाने ठेवलेस. पहिला रकाना आजच काढून टाक. जो येईल तो मुक्कामाला येईल आणि शेवटच्या जेवणापर्यंत थांबेल.

हे मी हट्टाने का म्हणतो ते सांगतो. एका शिबिरात रात्रीची ताटे घासण्याची पाळी आमच्या लेखापालांवर आणि दुर्गम तालुक्यात काम करणाऱ्या एका कार्यकर्त्यावर एकत्र आली. नळाला पाणी बारीक होते, त्यामुळे दोघे बराच वेळ तिथे अडकले. प्रवासखर्चाची बिले महिनोन्‌महिने का रखडतात, असे कार्यकर्त्याने जरा चिडूनच विचारले. पावतीशिवाय रक्कम लेखापरीक्षणात मान्य होत नाही, असे लेखापालांचे म्हणणे. वडापचा, म्हणजे गावोगाव माणसे भरून नेणारा खासगी जीपवाला कधीच पावती देत नाही, हे त्यांना त्या नळावर पहिल्यांदा कळले. आणि गावांची नावे, अंतर व सही घेऊन व्हाउचर करायचे, हा तोडगाही तिथेच निघाला. त्याच दुपारी ‘संस्थांतर्गत समन्वय’ या विषयावर आम्ही पाहुण्यांचे दीर्घ व्याख्यान ऐकले होते. त्यातले एक वाक्यही मला आठवत नाही.

म्हणून तुझ्या वेळापत्रकातील अकरा सत्रे पाहून मला वैताग आला. अकरा सत्रे सभागृहातही होतात. त्यासाठी माणसांना घराबाहेर झोपवण्याची गरज नाही. रोज तीन पुरेत, आणि रात्रीच्या जेवणानंतर काहीही ठेवू नकोस. बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात तरुण मुले-मुली सकाळी श्रमदान करतात आणि मग चर्चेला बसतात. आधी हाताला काम आणि मग तोंडाला, हा क्रम तिथे उगाच पडलेला नाही.

जागेबद्दल तू लोणावळ्याचे हॉटेल आणि रायगडमधील शिबिराची जागा यांत अडकली आहेस. हॉटेलात जोडीजोडीने खोल्या मिळतात, दार लागते आणि शिबिर संपते. पनवेलजवळ तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे, माणगावजवळ वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे. दोन्हीकडे चौकशी कर. स्वच्छतागृहे किती आहेत आणि पहाटे पाणी असते का, हे मात्र फोनवर न विचारता स्वतः जाऊन पाहा. घोरणाऱ्यांची खोली वेगळी ठेव. यात विनोद नाही. न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठरावाला विरोध करतो.

तारीख जानेवारीतलीच धर, कारण मार्चमध्ये हिशेबाची माणसे मिळणार नाहीत आणि पावसाळ्यात कोकणात जाणे मला मान्य नाही. 26 जानेवारीला जोडून मात्र घेऊ नकोस. त्या दिवशी ग्रामसभा असतात. आपल्या कार्यकर्त्यांची जागा गावात आहे, आणि मुंबई-गोवा महामार्ग सहलीवाल्यांनी भरलेला असतो. प्रवासासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्यापुरती भाड्याने घे आणि सर्वांना, विश्वस्तांनाही, तिच्यातूनच ने. स्वतःची गाडी दाराशी उभी असली की दुपारी चारला प्रत्येकाला घरचे काहीतरी आठवते. आजारपण किंवा विंचूदंश यासाठी एक गाडी आणि चालक तेवढा राखून ठेव.

ज्यांची अडचण खरी आहे त्यांची सोय कर. तान्हे मूल असलेल्या सहकारी बाळाला आणि आजीला घेऊन येऊ देत, खर्च संस्थेने करावा. ज्यांना आई-वडिलांना एकटे सोडता येत नाही त्यांनी या वर्षी येऊ नये, आणि त्याबद्दल कोणी त्यांना बोल लावू नये. पण अर्धे येणे नाही म्हणजे नाही.

विश्वस्तांना हे कसे सांगायचे, असे तू विचारतेस. मी एकदा अध्यक्षांनाच कळवले होते की केवळ समारोपाला येणार असाल तर येऊ नका. ते आले नाहीत. पुढच्या वर्षीच्या नियोजन समितीत माझे नाव नव्हते, आणि आमचा जुना स्नेह नंतर पूर्वीसारखा राहिला नाही. त्याचे वाईट वाटते. तरीही ते शिबिर आमच्या संस्थेचे सर्वांत चांगले शिबिर होते असे मी आजही म्हणेन, आणि समारोपाचे भाषण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी केले ते कोणत्याही अध्यक्षांपेक्षा नेमके होते, हेही. मला हट्टी म्हणणाऱ्यांपैकी कितीजण तिथे दोन्ही रात्री झोपले होते, ते मी कधीतरी विचारणार आहे.

तू माझ्याइतके तुटक लिहू नकोस. विश्वस्तांना प्रत्येकी स्वतंत्र पत्र पाठव, कोणाची पाळी भाजी चिरण्याला आणि कोणाची झाडण्याला हे त्यातच नावानिशी लिही, आणि पत्र जाण्यापूर्वी रोज तीन सत्रांचे नवे वेळापत्रक मला दाखव. जमल्यास या आठवड्यातच. एसटीच्या आगाराला गाडीसाठी लवकर सांगावे लागते.

तुझा,
एक जुना सहकारी