डग्ग्याचा उन्हाळा

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वडिलांना अर्धांगवायू झाला, पुण्यातली खोली सोडून तू इचलकरंजीला परतलीस, तबल्याचा रियाज वीस मिनिटांवर आला. 'हात चालला' असं तीनदा लिहिलंयस. हात इतक्यात जात नसतो. मला खटकलं ते दुसरंच वाक्य: 'हा माझा चिल्लाच समजते.' अगं, चिल्ला म्हणजे आपणहून चाळीस दिवस दार लावून घेणं. तिथं जेवणाचं ताट कोणीतरी आणून देतं. तुझ्या घरात ताटं तूच वाढतेस. तेव्हा तो हिशेब आधी सोड.

मीही हेच केलं होतं. 2020 चा पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. चैत्र-वैशाखातले कार्यक्रम गेले. (डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही झाला नाही, पण तोवर कशाचं काही वाटेनासं झालं होतं.) मी ठरवलं, रोज आठ तास. सोळाव्या दिवशी तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, चाटेपाशी, अगदी कडेला फाटली. दुकानं बंद, दुसरा तबला शिष्याकडे अडकलेला. दोन दिवस नुसता चिडचिड करत बसलो. मग डग्गा, तो डाव्या हाताचा खर्जाचा जोडीदार, पुढ्यात ओढला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि तोंडानं बोल म्हणत एकट्या डाव्यानं कायदा, म्हणजे विस्तार करत न्यायची बोलरचना, धरला.

लाज वाटली. चाळीस वर्षं माझा डावा हात नुसती हजेरी लावत होता. कायद्याची भरी-खाली, म्हणजे कुठं घुमायचं आणि कुठं गप्प राहायचं, डग्ग्यावर उघड होते. माझी खाली भरीसारखीच घुमत होती. मनगटाचा दाब उशिरा पडत होता, घिस्सा, मनगट घासून काढायची ती आस, अर्ध्यात तुटत होता. एरवी उजव्याच्या चमकदमकीत हे सगळं झाकलं जायचं. नवी पुडी जूनमध्ये मिळाली. खरं सांगू? तोवर मला तिची घाई राहिली नव्हती.

त्याच दिवसांत एका गायक मित्राबरोबर व्हिडिओ कॉलवर साथ करून पाहिली. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. कॉलवर 100 मिलिसेकंदांचा उशीर धरलास तरी गायक 34 मीटरवर बसल्यासारखा. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांचा असेल तर चौपटीतला, म्हणजे मात्रेत चार असा, एक बोल जेमतेम 62 मिलिसेकंदांचा. म्हणजे त्याची सम, तालाची पहिली मात्रा, माझ्या समेच्या दीड बोल मागे! दोघंही एकमेकांची वाट बघत लय पाडत गेलो. शेवटी मी नुसता ठेका रेकॉर्ड करून पाठवू लागलो आणि तो त्यावर गाऊ लागला. गायक समोर नाही, दाद नाही, उत्तराला प्रत्युत्तर नाही. मग ठेका असा सरळ वाजवावा लागला की त्यावर कुणीही विसावावं. तुकड्यांची हौस तिथं गळून पडली. चार चौकटींत चार कलाकार हसतायत, असे जे व्हिडिओ तेव्हा निघाले, त्यातले बहुतेक मला आजही ऐकवत नाहीत.

शिकवण्याचीही तीच गत. फोनचा स्पीकर डग्ग्याचा खर्ज देत नाही आणि गोंगाट गाळणारी सोय तबल्यालाच गोंगाट समजते. म्हणून मी पोरांची मनगटं बघून शिकवायला लागलो.

तबल्याचे उस्ताद अहमदजान थिरकवाँसाहेबांचं आठव. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ, मग रामपूर दरबार, पुढे लखनौला अध्यापन. बोलपट आले, संस्थानं गेली. त्यांच्या बैठकीची जागा बदलत राहिली; प्रत्येक ठिकाणी वेगळं काम होतं आणि त्यांनी ते केलं.

तुझ्याकडे वीस मिनिटं आहेत ना? त्यातली दहा डग्ग्यावर पातळ फडकं टाकून फक्त डाव्याला दे, म्हणजे शेजारच्यांची कटकटही होणार नाही. उरलेल्या दहात एकच पेशकार, ती सुरुवातीची संथ रचना, तोही विलंबितात. रेल्याला, त्या वेगवान बोलांच्या धारेला, आत्ता हात लावू नकोस. तो घाईनं बिघडतो आणि तुझ्या मनात सध्या घाईच आहे. पढंत, म्हणजे तोंडानं बोल म्हणणं, मात्र कुकरच्या शिट्ट्यांमध्येही होते. वडिलांचा हात वर-खाली करताना एक-दोन-तीन मोजतेस, त्याऐवजी दहा मात्रांचा झपताल धर. त्यांनाही 'धी ना' म्हणायला लाव, जीभ सुटायला बरं पडेल की नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचार.

मंगळवारी रात्री नऊनंतर फोन कर. कॅमेरा डाव्या बाजूला ठेव. तोंड दिसलं नाही तरी चालेल, मनगट दिसू दे.

तुझा,
मास्तर