गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. प्रवासात क्लासिक कार आणि कलेचं प्रदर्शन बघायला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा गाडीवेडा, तुम्हाला चित्रं-शिल्पं आवडतात, आणि युरोपच्या सहलीतला एक दिवस जुन्या गाड्या आणि कला एकत्र मांडलेल्या प्रदर्शनाला दिला तर तुम्ही जांभया देत बसाल का?

जा, नक्की जा. मी गेले होते तेव्हा नाक मुरडतच गेले होते.

मी ठाण्याची. वागळे इस्टेटमध्ये बाबांचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज होतं. त्यामुळे गाड्या लहानपणापासून पाहिल्या, पण सगळ्या ठोकलेल्या. मडगार्ड चेपलेली प्रीमिअर पद्मिनी, बॉनेट वर आलेली मारुती. थिनरचा वास शाळेच्या डब्यालासुद्धा यायचा. गाडी या वस्तूबद्दल प्रेम वगैरे मला शून्य.

२०२२ मध्ये ऑफिसच्या कामासाठी स्पेनमधल्या बिल्बाओला जाणं झालं. एक दिवस मोकळा होता, बाहेर रिपरिप पाऊस, म्हणून गुगेनहाइम संग्रहालयात शिरले. आत चित्रं असतील या भरवशावर. तिथे नॉर्मन फॉस्टर या ब्रिटिश वास्तुविशारदाने मांडलेलं गाड्यांचं प्रदर्शन चालू होतं. चाळीसेक गाड्या, आणि त्यांच्या आजूबाजूला चित्रं, शिल्पं, फोटो. तिकीट काढून बसले होते, आता काय करणार!

पहिल्या दालनात मी पाट्या वाचत फिरले आणि दहा मिनिटांत कंटाळले. अश्वशक्ती, सिलिंडर, वेग. तुम्हीही हे करू नका.

दुसऱ्या दालनात मात्र पाय थांबले. वर छताला अलेक्झांडर काल्डरचं हलतं शिल्प टांगलेलं, एका बाजूला हेन्री मूरची आडवी पहुडलेली आकृती, आणि त्यांच्यामध्ये १९३६ ची बुगाटी अटलांटिक. अशा फक्त चार गाड्या बनल्या होत्या. त्यांतली एक दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत गायब झाली, ती अजून सापडलेली नाही.

तिच्यासमोर मी नकळत बाबांसारखी वागायला लागले. डेंटर पत्रा समोरून बघत नाही. तो उकिडवा बसतो, गाडीच्या लांबीच्या दिशेने नजर टाकतो आणि वरच्या ट्यूबलाइटचं पत्र्यातलं प्रतिबिंब बघतो. पत्रा सरळ असेल तर उजेडाची रेघ न तुटता वाहत जाते. जिथे ती थरथरते तिथे पोचा. मग हातावर फडकं घेऊन तळवा फिरवायचा, कारण फडक्यातून उंचवटा जास्त जाणवतो. संग्रहालयात हात लावता येत नाही, पण बसता येतं. मी बसले. सुरक्षारक्षक दोनदा बघून गेला. उजेडाची रेघ मागच्या चाकावरून निघाली ती शेपटीपर्यंत कुठेही अडखळली नाही. ते बघून मूरच्या शिल्पाकडे वळले तर तिथेही मी तेच करत होते, खांद्यावरून मांडीपर्यंत उजेड कसा जातो ते बघत होते. तुम्ही चित्रं बघता, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल.

या गाडीची अजून एक गंमत. तिच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध एक उभी शिवण आहे. दोन पत्र्यांच्या कडा बाहेर काढून रिव्हेट मारलेले, अगदी माशाच्या पाठीवरच्या परासारखी धार. आमच्याकडे असा जोड लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवतात; कोणी उघडा ठेवला असता तर गिऱ्हाइकाने पैसे दिले नसते. पण कारण ऐका. १९३५ च्या नमुना-गाडीसाठी मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला होता. तो वेल्डिंगला घेतला तर पेट घ्यायची भीती, म्हणून पत्रे बाहेरून रिव्हेटने जोडले. पुढच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, जोड सहज लपवता आला असता. गाडीची रचना करणाऱ्या जाँ बुगाटीने शिवण तशीच ठेवली. अडचण म्हणून आलेली रेघ आज त्या गाडीची ओळख आहे.

बाकीचं भराभर. बीटल, मिनी, छोटी फियाट ५०० यांचं दालन गोड आहे, तिथे आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची आठवण येतेच. शर्यतीच्या गाड्या मी चालता चालता बघितल्या. शेवटी सोळा शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांनी भविष्यातल्या प्रवासाच्या कल्पना मांडल्या होत्या. मला त्या कॉलेजच्या प्रोजेक्टसारख्या वाटल्या. आणि एक तक्रार: एवढ्या गाड्या, पण वास कशालाच नाही.

ते प्रदर्शन त्याच वर्षी संपलं. पण कलासंग्रहालयात गाड्या ही नवी टूम नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्येच आठ गाड्या मांडल्या होत्या. तुमच्या वाटेवर स्टुटगार्ट असेल तर मर्सिडीजचं संग्रहालय बघा. तिथे लिफ्टने थेट सगळ्यात वर नेतात आणि मग उतरत उतरत बघायचं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर फारच सोयीचं. सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा. युरोपचं बारगळलं तर अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांच्या संग्रहातल्या शंभरहून जास्त जुन्या गाड्या आहेत. बोरिवलीहून रात्री गाडीत बसलं की सकाळी अहमदाबाद. आणि नवऱ्याबरोबर फिरू नका. तो इंजिनं बघेल, तुम्ही पत्रा बघा, दोन तासांनी चहाला भेटा.

संध्याकाळी बाहेर येऊन, संग्रहालयासमोरच्या, फुलांनी मढवलेल्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या शिल्पापाशी उभी राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ठाण्यात रात्रीचे दहा वाजले होते. आधी संग्रहालयाची इमारत दाखवली. वास्तुविशारद फ्रँक गेरीने ती बाहेरून टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवली आहे.

"किती गेजचा पत्रा?"

"अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही म्हणे."

"मग वाऱ्याने फडफडत असणार."

मग त्यांना सांगितलं की याच काल्डरने १९७५ मध्ये बीएमडब्ल्यूची शर्यतीची गाडी रंगवली होती, आणि १९७९ मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलने तर अख्खी गाडी स्वतः ब्रशने अर्ध्या तासाच्या आत रंगवून दिली. बाबा म्हणाले, "अर्ध्या तासात आमचा प्रायमर वाळत नाही."

शेवटी बुगाटीचा फोटो पाठवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. शिवणीचं कारण सांगितलं, तेही शांतपणे ऐकून घेतलं.

"शिवण ठेवली ते बरं केलं," म्हणाले, "लांबी वाचली."