ख्रिस्ती विश्वासात नवीन असशील तर

देवाने पुढची दहा वर्षं आधीच दाखवावीत, अशी अपेक्षा आधी सोडून दे. मिसरच्या गुलामीतून सुटून रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना नकाशा दिलेला नव्हता. वाट दाखवायला दिवसा मेघस्तंभ म्हणजे ढगाचा खांब, रात्री अग्निस्तंभ, एवढंच. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात तर मेघ कधी दोन दिवस, कधी महिनाभर एकाच जागी थांबल्याचं लिहिलंय. तेवढा वेळ लोकही तंबू ठोकून थांबले. हे थांबणंच फार जड जातं.

योसेफाची गोष्ट सावकाश वाच. सतराव्या वर्षी स्वप्नं पडली, मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता. मधे भावांनी टाकलेली विहीर, गुलामी, तुरुंग. तुरुंगात सोबत असलेल्या प्यालेबरदाराने, म्हणजे राजाला द्राक्षारस देणाऱ्या सेवकाने, सुटल्यावर योसेफाची आठवण काढायला दोन वर्षं लावली! पण तुरुंगातही परमेश्वर त्याच्याबरोबर होता, असं उत्पत्ती या पुस्तकाच्या 39व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय. देव सोबत असणं आणि परिस्थिती सुधारणं या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. बरेच जण तिथेच निराश होतात.

मन भरून आलं तर तक्रार कर, खुशाल. बायबलमधलं 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

मोठा निर्णय असेल तेव्हा देवाचं वचन म्हणजे बायबल वाच, प्रार्थना कर, मंडळीतल्या (चर्चमधल्या) एखाद्या समंजस वडीलधाऱ्याला विचार. बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवलं ते वचन, असला प्रकार मला पटत नाही. आणि देवाने ऐकलेल्या प्रार्थना वहीत तारखेनिशी लिही; कठीण दिवसांत माणूस आधी त्याच विसरतो.