हारोची वाइनची लढाई नेमकी काय, आणि 29 जूनला जायचं तर तयारी कशी करायची?

उच्चारापासून सुरुवात करतो. स्पॅनिशमध्ये ‘एच’ मुका असतो, त्यामुळे तिथे गावाचं नाव ‘आरो’ म्हणा.

उत्तर स्पेनच्या ला रिओखा प्रांतातल्या या गावात लढाईच्या आधीचा भाग चुकवू नका, कारण मूळ परंपरा तीच आहे. शेजारच्या मिरांदा दे एब्रोशी शिवेचा जुना वाद होता. आपला हक्क दाखवायला दर वर्षी संत पेद्रोच्या दिवशी, म्हणजे 29 जूनला, बिलिबिओच्या कड्यावर गावाचं निशाण रोवायचं, अशी प्रथा सांगतात. आजही सकाळी सातच्या सुमारास निशाण घेऊन मिरवणूक गावातून निघते. कडा साधारण 6 किलोमीटरवर आहे. वर संत फेलिसेसच्या देवळात प्रार्थना होते आणि ती संपली की लोक एकमेकांवर वाइन उडवू लागतात.

पांढरे जुने कपडे आणि गळ्यात लाल रुमाल, हा तिथला वेश. ते कपडे पुन्हा पांढरे होणार नाहीत, हे धरूनच चला. बादल्या, चामड्याच्या पिशव्या, शिवाय द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तो पाठीवरचा पंपही चालतो. मात्र पंप कोरा हवा. औषध मारलेल्या पंपात धुतल्यावरही अंश उरतो आणि इथे तर फवारा थेट तोंडावर येतो. वाइनमधल्या आम्लाने आणि अल्कोहोलने डोळे झोंबतात, म्हणून पोहण्याचा घट्ट चष्मा लावा. चढावर चिखल होतो, तेव्हा चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. दुपारी सगळे गावातल्या प्लासा दे ला पास या चौकात परततात. गावात खोल्या फार आधी भरतात. सुमारे 40 किलोमीटरवरच्या लोग्रोन्यो शहरात बघा.

उडवतात ती साधी वाइन. चांगली चाखायची असेल तर एक दिवस जास्त ठेवून रेल्वे स्टेशनाजवळच्या वस्तीत जा. गाव खऱ्या अर्थाने मोठं झालं ते इथे. 1863 मध्ये रेल्वे आली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये फिलोक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड पसरू लागली, तिथले मळे बसले आणि फ्रेंच व्यापारी इकडे वळले. पिंपं थेट डब्यात चढवता यावीत म्हणून तळघरं रुळांलगतच बांधली गेली: लोपेस दे एरेदिया 1877 ची, कुने 1879 ची, ला रिओखा आल्ता 1890 ची. 225 लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन मुरवायची फ्रान्समधल्या बोर्दोची पद्धत अजून तिथे पाहायला मिळते. भेटीची वेळ मात्र आधी ठरवून घ्या आणि ती 29 तारखेची घेऊ नका.