शिबंदीतला 'शि' कुठला?

प्रश्न: पेपरात बाहेरच्या देशातल्या 'मिलिशिया'ची बातमी आली की आजोबा म्हणतात, म्हणजे आपली शिबंदीच की. भाऊ म्हणतो शिबंदी म्हणजे शिधा भरून गडावर बंद होऊन बसलेली माणसं. नक्की कुठला शब्द हा?
– एक वाचक, मिरज

उत्तर: भावाला सांगा, शिध्याचा काही संबंध नाही हो, ऐकायला झकास वाटतं एवढंच. शब्द फारसी आहे, सिह-बंदी, आणि सिह म्हणजे तीन. हा तीन तर तुमच्या गावात रोज वाजतोय! सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, सतार म्हणजे सिह-तार, मूळची तीन तारांची, आता वीसेक तारा चढल्या तरी नाव तेच राहिलं. तसंच शिबंदीचं, तीन-तीन महिन्यांच्या पगारावर बांधलेली माणसं, तिमाही कंत्राटच म्हणा ना. गडाचा पहारा, ठाण्याची राखण, आणि मराठेशाहीतला महसूल अधिकारी, म्हणजे कमाविसदार, वसुलीला निघाला की त्याच्या मागं हत्यारं घेऊन चालायचं, म्हणजे मग शेतसारा लवकर निघायचा. मोहिमेवर जाणारी फौज वेगळी, तिथं शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला सरकारातून मिळायचा. शिबंदीवाला बहुतेक पायीच. इंग्रजांनीही शब्द उचलला आणि त्याचं 'सेबंडी' करून टाकलं.

आता मिलिशिया. हा लॅटिन, त्यात मिलेस म्हणजे सैनिक. पण अर्थ असा झाला की एरवी शेती नाहीतर दुकान सांभाळणारा माणूस वेळ आली की बंदूक घेऊन उभा राहतो, 1775 ला अमेरिकेत लेक्सिंग्टनला इंग्रजांच्या पलटणीसमोर उभे राहिले ते असलेच लोक. त्यामुळं आजोबांचं अर्धंच बरोबर, हत्यार दोघांकडं आहे पण शिबंदी पोटासाठी नोकरीला होती. (काहीजण मिलिशियाला 'निमलष्करी दल' लिहितात ते तर साफ चूक, सीआरपीएफ काय मिलिशिया आहे का?)

मला विचाराल तर आजोबांना शिबंदीपेक्षा कुंडलची आठवण करून द्या. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना, गावोगावची शेतकऱ्यांची पोरं, हे मिलिशियाच्या जास्त जवळचं. आणि गंमत बघा, शिबंदी पगारावर चालायची, आणि या पोरांनी 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून इंग्रज सरकारच्या नोकरांचा पगारच लुटला.