स्वतःची ॲक्टिव्हिटी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या लेखा विभागात यूआयपाथवर (ठरावीक ऑफिसकामं रोबोकडून, म्हणजे प्रोग्रॅमकडून, करून घेणारं सॉफ्टवेअर) सहा ऑटोमेशन चालतात. पुरवठादाराचा जीएसटी नंबर तपासणारा तोच सीक्वेन्स (पायऱ्यांचा क्रम) सहाही ठिकाणी कॉपी केलेला आहे. एकीकडे दुरुस्ती केली की बाकीचे पाच जुनेच राहतात. याची एकच ॲक्टिव्हिटी (कुठेही वापरता येणारी तयार पायरी) कशी करायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : स्टुडिओत (ऑटोमेशन बांधायचं यूआयपाथचं ॲप) नवा प्रोजेक्ट घेताना ‘प्रोसेस’ऐवजी (रोबो चालवतो ते काम) ‘लायब्ररी’ (इतर प्रोजेक्टनी वापरायच्या ॲक्टिव्हिटीजचा संच) निवडा. पब्लिश केल्यावर लायब्ररीतली प्रत्येक झॅमल फाइल (वर्कफ्लोची, म्हणजे मांडलेल्या पायऱ्यांची फाइल) एक ॲक्टिव्हिटी होते आणि फाइलचं नाव तेच तिचं नाव. फक्त आतल्या कामाच्या, मदतनीस फाइली राइट क्लिक करून प्रायव्हेट करा, नाहीतर त्याही वापरणाऱ्याच्या यादीत येऊन बसतात. प्रोजेक्ट घेतानाच कंपॅटिबिलिटी (तो मायक्रोसॉफ्टच्या कोणत्या .नेटवर चालणार ते) बघून घ्या. ‘विंडोज-लेगसी’ .नेट फ्रेमवर्क 4.6.1 वर चालतं, ‘विंडोज’ .नेट 6 किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर. सहा प्रोजेक्ट ज्या प्रकारचे आहेत त्याच प्रकारची लायब्ररी हवी. कोडची भाषा व्हीबी की सी-शार्प, हे मात्र वेगळं असलं तरी चालतं.

खरं डोकं लावायचं ते आर्ग्युमेंट्स, म्हणजे ॲक्टिव्हिटीच्या आत-बाहेर जाणाऱ्या किमती, ठरवताना. इथे तीन पुरेत : आत येणारा नंबर (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर), बाहेर जाणारं बरोबर-चूक (बूलियन) आणि बाहेर जाणारं कारण (स्ट्रिंग). सोपं पडतं म्हणून अख्खी डेटारो (टेबलची एक ओळ) आत देऊ नका. तसं केलंत की एक्सेलमधल्या कॉलमचं नाव ॲक्टिव्हिटीत कोरलं जातं, आणि ज्या प्रोजेक्टमध्ये कॉलमचं नाव वेगळं आहे तिथे ती निरुपयोगी ठरते. प्रत्येक आर्ग्युमेंटला ॲनोटेशन (छोटी टीप) लिहा. वापरणाऱ्याला तेच टूलटिप म्हणून दिसतं. एक बारीकशी खोच : आर्ग्युमेंटचं आणि फाइलचं नाव सारखं ठेवू नका. फाइलचा क्लास होतो, आर्ग्युमेंटची त्यातली प्रॉपर्टी होते, आणि दोघांना एकच नाव कंपायलरला चालत नाही.

आतली तपासणी अशी. आधी मोकळ्या जागा काढा, अक्षरं कॅपिटल करा. लांबी 15. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27, गोवा 30), पुढची दहा अक्षरं पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. तेरावं स्थान त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं सहसा झेड, पंधरावं पडताळणीचं. बहुतेक जण रेगेक्सने (अक्षर-अंकांचा क्रम तपासणारं सूत्र) साचा जुळवून थांबतात. त्यात 3 च्या जागी 8 टाइप झालेला नंबरही बिनबोभाट पास होतो. तेव्हा पंधरावं अक्षर मोजून बघाच. 0 ते 9 ची किंमत तीच, ए म्हणजे 10, झेड म्हणजे 35. डावीकडून पहिल्या चौदा स्थानांना आळीपाळीने 1 आणि 2 ने गुणा. प्रत्येक गुणाकाराला 36 ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्या; झेडची दुप्पट 70, भागाकार 1, बाकी 34, मिळून 35. चौदाही बेरजा एकत्र करा, त्या एकूण बेरजेला 36 ने भागून उरलेली बाकी 36 मधून वजा करा. उत्तर 36 आलं तर ते 0 धरा. या किमतीचं अक्षर म्हणजे पंधरावं स्थान.

नंबर चुकीचा निघणं हे या ॲक्टिव्हिटीचं नेहमीचं उत्तर आहे, तिथे एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी) फेकायचं कारण नाही. मात्र सगळं ट्राय-कॅचमध्ये (त्रुटी पकडणारी चौकट) गुंडाळून कुठल्याही बिघाडाला ‘चूक’ म्हणू नका. बिघडलेला असेल तुमचा कोड, आणि परत जाईल पुरवठादाराचं बिल. नोंदणी चालू आहे की रद्द, हे जीएसटी पोर्टलवर बघावं लागतं. ते काम यात कोंबू नका, त्याची ॲक्टिव्हिटी वेगळी करा. नेट गेलं म्हणून साधी बेरीज अडायला नको.

प्रश्न : लायब्ररीत दुरुस्ती करून परत पब्लिश केली, तरी रोबो जुनंच वागतो. फीड (पॅकेज जिथून घेतली जातात ती जागा) म्हणून आम्ही ऑफिसातलं शेअर्ड फोल्डर वापरतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवला असणार. नुगेट (पॅकेज आणून देणारी .नेटची यंत्रणा) प्रत्येक आवृत्ती एकदाच उघडून युजरच्या फोल्डरमधल्या डॉट-नुगेट फोल्डरात ठेवतं. पुढच्या वेळी त्याच नावाचं, त्याच क्रमांकाचं पॅकेज तिथे सापडलं की ते फीडकडे फिरकतही नाही. म्हणून एका अक्षराची दुरुस्ती असली तरी 1.0.3 चं 1.0.4 करा. त्यानंतर प्रत्येक प्रोजेक्टच्या ‘मॅनेज पॅकेजेस’मध्ये जाऊन अपडेट घ्या आणि ती प्रोसेससुद्धा नव्याने पब्लिश करा; नुसती लायब्ररी बदलून प्रोसेस बदलत नाही. आर्ग्युमेंटचं नाव बदलणं, काढणं किंवा प्रकार बदलणं ही दुरुस्ती नव्हे, मोडतोड आहे. त्यापेक्षा नवं आर्ग्युमेंट डीफॉल्ट किंमत देऊन वाढवा. बदलावंच लागलं, तर क्रमांक सरळ 2.0.0 करा, म्हणजे अपडेट घेणारा सावध होतो.

प्रश्न : सी-शार्पमध्ये कोडॲक्टिव्हिटी (थेट कोडमध्ये लिहिलेली ॲक्टिव्हिटी) लिहिली. एकदा चालवली की ठीक, पण फॉर ईच लूपमध्ये दुसऱ्या इनव्हॉइसपासून आधीच्या चुका पुढच्या यादीत दिसतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चुकांची लिस्ट तुम्ही क्लासच्या फील्डमध्ये ठेवली आहे. या ॲक्टिव्हिटीज मायक्रोसॉफ्टच्या विंडोज वर्कफ्लो फाउंडेशनच्या रचनेवर उभ्या आहेत, आणि त्या रचनेत तुमचा ऑब्जेक्ट हा फक्त आराखडा असतो. तो एकदाच तयार होतो आणि लूपच्या प्रत्येक फेरीला तोच वापरला जातो. फेरीगणिक बदलणारं सगळं एक्झिक्यूट मेथडच्या आत, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा. लिस्टही तिथेच नवी करा. आत येणारी किंमत इनआर्ग्युमेंटमधून कॉन्टेक्स्ट (चालू फेरीची माहिती) देऊन वाचा, उत्तर आउटआर्ग्युमेंटवर कॉन्टेक्स्ट देऊनच ठेवा. जे आर्ग्युमेंट दिल्याशिवाय भागणार नाही त्यावर रिक्वायर्डआर्ग्युमेंट ॲट्रिब्यूट लावा. रिकामं राहिलं तर डिझायनरमध्येच लाल खूण दिसते.

त्याच मेथडमध्ये थ्रेड स्लीप (ठरावीक वेळ थांबायची आज्ञा) लिहिलं असेल तर तेही काढा. एका वर्कफ्लोचं काम एका वेळी एकाच थ्रेडवर चालतं, म्हणून तुमची झोप पॅरललच्या (अनेक फांद्या सोबत पुढे नेणारी ॲक्टिव्हिटी) बाकीच्या फांद्यांनाही थांबवते. वेळ खाणारं काम असेल तर एसिंककोडॲक्टिव्हिटी घ्या. पोटात दुसऱ्या ॲक्टिव्हिटीज सामावणारी चौकट हवी असेल तर नेटिव्हॲक्टिव्हिटी. तिचा व्याप बराच मोठा आहे, गरज पडल्याशिवाय वाटेला जाऊ नका.

प्रश्न : लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ठेवलेली कॉन्फिग एक्सेल इतर प्रोजेक्टमधून वापरताना सापडत नाही.
– एक वाचक, पणजी

उत्तर : सापेक्ष पाथ हा वापरणाऱ्या प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजला जातो, लायब्ररीच्या नव्हे. फाइलचा पाथ आर्ग्युमेंट म्हणून घ्या. त्याहून बरं म्हणजे एक्सेल वाचायचं काम प्रोसेसवर सोपवा आणि लायब्ररीला फक्त लागणाऱ्या किमती द्या. त्या एक्सेलमध्ये पासवर्ड असेल तर तो आजच ऑर्केस्ट्रेटरच्या (रोबो सांभाळणारा यूआयपाथचा सर्व्हर) क्रेडेन्शियल ॲसेटमध्ये हलवा.